पहिला लांबचा पल्ला : गाडीबरोबर स्वाराचीही सर्व्हिसिंग

दिवाळी सरली, हवेत गारवा आला, की तरुण मंडळींना प्रवासाचे वेध लागतात. गेल्या आठवड्यात संध्याकाळी दवाखान्यातली गर्दी ओसरत आली असताना आमच्या परिचयाचे एक निवृत्त मास्तर मुलाला घेऊन आले. मुलगा पंचविशीचा, टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाचे काम करतो. नाडी पाहिली, ब्लडप्रेशर घेतले, छाती तपासली. सगळे ठाकठीक.

"मग तक्रार काय?" मी विचारले.

"तक्रार माझी आहे, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "हा मोटारसायकलवरून गणपतीपुळ्याला निघालाय. तुम्ही तरी सांगा त्याला, जाऊ नको म्हणून."

मुलाने मग उत्साहाने आपला बेत सांगितला. शनिवारी कारखाना सुटला, घरी जेवण झाले, की रात्री अकराला सोलापूर सोडायचे. रात्री रस्ता मोकळा असतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट करीत सकाळी समुद्र गाठायचा. दर्शन, जेवण, पोहणे. रविवारी संध्याकाळी परत फिरायचे आणि सोमवारी सकाळी कामावर हजर. मागे एक मित्र बसणार. गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. ऑइल बदलले, चेन ताणली, मागचा टायर नवा टाकला.

"गाडीची झाली," मी म्हणालो, "तुझी सर्व्हिसिंग कधी?"

तो हसला. पण प्रश्न गमतीचा नव्हता. पहिल्यांदाच लांब पल्ल्यावर निघणारे बहुतेक जण गाडीची काळजी घेतात आणि गाडी चालवणाऱ्याला विसरतात. गाडीत पेट्रोल संपत आले तर काटा दाखवतो. स्वाराची झोप, पाणी आणि ताकद संपत आली हे दाखवणारा काटा कुठेच नसतो.

मी त्याला "जाऊ नको" म्हटले नाही. नको म्हटले की मुले न सांगता जातात, आणि न सांगता गेलेला मुलगा वाटेत अडचणीत सापडला तर घरी फोन करायलाही कचरतो. मी म्हटले, "जरूर जा, पण बेत बदल." त्याला जे सांगितले, तेच आज सर्व वाचकांसाठी लिहीत आहे.

हिशेब किलोमीटरचा नव्हे, तासांचा

सोलापूर ते गणपतीपुळे हे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. या मुलाने किलोमीटर मोजले, पेट्रोल मोजले. मी त्याला जागेपणाचे तास मोजायला लावले. शनिवारी सकाळी सहाला उठणारा माणूस रात्री अकरा वाजता सलग १७ तास जागा असतो. म्हणजे ज्या क्षणी हा गाडीला किक मारणार, त्या क्षणीच त्याचा दिवस संपलेला असणार.

१७ तासांच्या जागरणाने काय होते? १९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याची मोजणी केली. सुमारे १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात-डोळे-मेंदू यांचे सहकार्य, रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतके मंदावते, असे त्यांना आढळले. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न पिता हा मुलगा मर्यादेपलीकडे गेलेला असेल. पोलिसांच्या नळीत काही सापडणार नाही, पण समोर बैलगाडी आल्यावर ब्रेकवर पाय मात्र उशिरा पडेल. आणि पहाटे, घाटाची वळणे सुरू होतील तेव्हा, जागरण २२-२३ तासांवर गेलेले असेल.

झोपेचा दुसरा धोका अधिक फसवा आहे. फार थकलेला मेंदू मालकाला न विचारता काही सेकंद झोपून घेतो. डोळे उघडेसुद्धा असू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे ६५ मीटरहून अधिक अंतर गाडी चालकाविना धावली. मोटारीत बसलेल्या माणसाभोवती निदान पत्रा असतो. मोटारसायकलस्वाराभोवती फक्त शर्ट असतो.

आपल्या शरीराचे घड्याळ दिवसातून दोन वेळा झोपेकडे ओढते : पहाटे साधारण दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार. या वेळा शक्यतो रस्त्यावर काढू नयेत. वारंवार जांभया येणे, डोळे चुरचुरणे, मान जड होणे, मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी आपोआप पट्ट्याकडे सरकणे, ही थांबण्याची लक्षणे आहेत. तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणे म्हणणे, तंबाखूचा बार भरणे, यांनी झोप जात नाही, फक्त थोडी पुढे ढकलली जाते. चहाचा उपयोग होतो, पण तोही लगेच नाही. अर्धा तास लागतो. म्हणून युक्ती अशी : सुरक्षित जागी थांबावे, चहा घ्यावा आणि लगेच १५-२० मिनिटे आडवे व्हावे. उठेपर्यंत चहा काम करू लागतो. त्यानंतरही पेंग येत असेल, तर त्या दिवसाचा प्रवास संपला असे समजावे.

माझी स्वतःची गोष्ट

हे मी केवळ पुस्तकातले सांगत नाही. १९९४ साली मी इंटर्न होतो. रात्रपाळी करून सकाळी मी आणि माझा एक सहकारी मित्र उसन्या मोटारसायकलवर पुण्याला लग्नाला निघालो. वाटेत पोटभर जेवलो. इंदापूरच्या पुढे दुपारी अडीचच्या सुमारास मला डुलकी लागली. गाडी मी चालवत होतो. रस्ता सरळ, वाहतूक तुरळक. गाडी कडेच्या मुरुमात उतरली आणि आम्ही दोघे फेकलो गेलो.

हेल्मेट एकच होते आणि ते माझ्या डोक्यावर होते.

मित्र उठून उभा राहिला, कपडे झटकले, "काही नाही झालं," असे म्हणून हसलासुद्धा. डोक्याला मागे टेंगूळ होते. तासाभराने त्याला उलटी झाली, मग दुसरी, मग तो सुस्तावला. आम्ही दोघेही डॉक्टर होतो म्हणून अर्थ कळला. एका ट्रकवाल्याच्या मेहेरबानीने रुग्णालय गाठले. मित्र वाचला. आज तो दुसऱ्या जिल्ह्यात उत्तम प्रॅक्टिस करतो. पण त्या दिवसापासून त्याला कसलाही वास येत नाही. नाकाच्या मुळाशी चाळणीसारख्या हाडातून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात. डोक्याला जोराचा हिसका बसला की ते तुटतात आणि पुष्कळदा पुन्हा जुळत नाहीत. दूध करपले, गॅस गळू लागला तरी त्याला कळत नाही. त्याने मला कधी बोल लावला नाही. पण त्याच्या घरी गेलो आणि वहिनींनी चहात वेलची टाकली, की मला चहा जड जातो.

मुलाला ही गोष्ट सांगून मी विचारले, "तुझ्या मित्रासाठी हेल्मेट घेतले आहेस का?" तो गप्प बसला. मास्तरही.

दोन डोकी, दोन हेल्मेटे

हेल्मेटचा इतिहास एका डॉक्टरच्या हळहळीतून सुरू होतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडमध्ये मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मरण पावले. वय अवघे ४६. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे तरुण मेंदूशल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यातील निरोप्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले.

नंतर जगभर झालेल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा, की अपघात झालाच तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

हेल्मेट काम कसे करते हे समजले, म्हणजे ते कसे निवडावे तेही समजते. बाहेरचे कवच टणक असते, पण खरे काम आतला थर्माकोलसारखा थर करतो. आपटल्यावर तो दबतो आणि मेंदूला बसणारा हिसका स्वतःवर घेतो. एकदा दबलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचेच घ्यावे. जून २०२१ पासून दुचाकीसाठी शिक्का नसलेले हेल्मेट बनवणे व विकणे बेकायदा आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीवजा हेल्मेटे दंड चुकवण्यापुरतीच. आकार असा हवा, की डोके हलवले तर हेल्मेट बरोबर हलावे, आत फिरू नये. पट्टा हनुवटीखाली बसलेला हवा, पट्ट्यात दोन बोटे जेमतेम जावीत. पट्टा न लावलेले हेल्मेट आपटण्याच्या आधीच उडून जाते. आणि मागे बसणाऱ्यालाही तेच हेल्मेट, तोच पट्टा. कायदाही हेच सांगतो.

नवा बेत

मुलाच्या हातात प्रिस्क्रिप्शनचा कागद दिला आणि त्यावर नवा बेत लिहून घेतला. रविवारची सुटी, तिला जोडून चार दिवसांची रजा. प्रवासाच्या आदल्या दोन्ही रात्री सात-आठ तास झोप. पहिल्या दिवशी उजाडल्यावर, सकाळी सातला निघायचे आणि सुमारे २४० किलोमीटरवरच्या कोल्हापुरात मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ताज्या डोळ्यांनी आंबा घाट उतरायचा आणि दुपारच्या आत गणपतीपुळे गाठायचे. तिसरा दिवस समुद्राचा. चौथ्या आणि पाचव्या दिवशी तशाच दोन टप्प्यांत परत. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, म्हणून पाचच्या आत मुक्कामी पोहोचायचे. घाटात धुके असेल तर ते विरेपर्यंत थांबायचे. परतल्यावर आणखी एक रात्र घरी झोपायचे आणि मगच कामावर.

"पाच दिवस?" मुलाने कुरकुर केली. मास्तर मात्र पहिल्यांदा हसले.

दर तासाला दहा मिनिटे थांबावे. गाडीवरून उतरावे, हेल्मेट काढावे, चार पावले चालावे, कंबर मागे वाकवावी, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवावी. लांब प्रवासात करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. तळहाताच्या कडेने जाणारी शीर मुठीच्या दाबाने व गाडीच्या थरथरीने दबते म्हणून हे होते. मूठ आवळून धरू नये, कोपर किंचित वाकलेले ठेवावे. जड सॅक पाठीवर घेऊ नये. सामान गाडीला घट्ट बांधावे. पाठीचे ओझे दुपारपर्यंत कंबरेचे दुखणे होते.

पूर्वी कधी ५० किलोमीटरच्या पुढे गाडी चालवली नसेल, तर आधी सराव करावा. एका रविवारी १०० किलोमीटर, पुढच्या रविवारी सामान बांधून व मित्राला मागे बसवून १५०. मागे माणूस आणि सामान असले की ब्रेक लागायला जास्त अंतर लागते आणि वळणावर गाडी वेगळी वागते. हे घाटात शिकण्यापेक्षा घराजवळ शिकलेले बरे. टायरमधली हवाही त्या वजनाप्रमाणे भरून घ्यावी.

पाणी, जेवण, कपडे

गाडीवर वारा लागतो, घाम जागच्या जागी वाळतो आणि पाणी किती गेले ते कळत नाही. डोके दुखणे, चिडचिड होणे, लक्ष न लागणे ही पुष्कळदा पाणी कमी पडल्याची लक्षणे असतात. प्रत्येक थांब्यावर तहान असो-नसो, ग्लासभर पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे. काहीजण, विशेषतः स्त्रिया, वाटेत स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ व संसर्ग होतो. त्यापेक्षा मोठे पेट्रोल पंप, बसस्थानक पाहून थांबे ठरवावेत.

उन्हाने जास्तच घाम गेला तर ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात विरघळवून घोटघोट प्यावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जेवण हलके असावे. दुपारी मटणाचे ताट रिकामे करून लगेच गाडीवर बसणाऱ्याचे काय होते ते वर सांगितलेच आहे.

पूर्ण बाह्यांचे जाड जाकीट, जाड पँट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे हवेत. पडताना माणूस आधी हात टेकतो, आणि तळहाताची सोललेली कातडी भरायला आठवडे लागतात. चपलेवर लांबचा प्रवास करू नये. मागे बसणाऱ्या बहिणींनी ओढणी व पदर घट्ट खोचावा. चाकात अडकलेल्या ओढणीने गळा आवळला गेल्याच्या दुर्घटना घडतात. सायलेन्सरचा चटका बसला तर भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावू नये.

औषधे आणि जुने आजार

सर्दीच्या, अंगाला खाज सुटल्यावर घेतल्या जाणाऱ्या आणि गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी पेंग येते. गाडी चालवणाऱ्याने त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या प्रवासातही चुकवू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ पाळावी आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. हात थरथरले, दरदरून घाम आला तर गाडी ताबडतोब थांबवून ते खावे. फिट येणाऱ्यांनी, वारंवार चक्कर येणाऱ्यांनी गाडी चालवण्याचा हट्ट धरू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर निघण्यापूर्वी घ्यावे. पिशवीत निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, आयोडीनचे मलम, पॅरासिटामॉल, ओआरएस आणि रोजची औषधे ठेवावीत. खिशातल्या कागदावर नाव, रक्तगट, ज्या औषधाची ॲलर्जी आहे त्याचे नाव, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर लिहावा. हे सारे मोबाईलमध्ये आहे म्हणू नये. अपघातात मोबाईल फुटतो किंवा कुलूपबंद राहतो.

कोणी पडलेच तर

आधी मागून येणारी वाहने थांबवा. १०८ किंवा ११२ वर फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड जखमेत भरू नका. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका. मानेला दुखापत असू शकते, म्हणून त्याला बसवू नका, ओढू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट डॉक्टरांपर्यंत तसेच राहू द्या. श्वास अडत असेल किंवा उलटीने तोंड भरले असेल तर मात्र ते काढावे लागते. एकाने मान व हनुवटी स्थिर धरावी आणि दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेट सावकाश काढावे. उलटी होत असेल तर डोके, मान व पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून चालू लागला, बोलू लागला, म्हणून निश्चिंत राहू नका. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचते आणि काही तासांनी दाब वाढतो. निदान २४ तास त्याला एकटे सोडू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, फिट, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी डोक्याच्या स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. माझा मित्र वाचला तो एवढ्यामुळेच.

पोलिसांच्या लफड्यात कोण पडणार, म्हणून पुष्कळजण जखमीला हात लावत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली केलेल्या दुरुस्तीने चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने योजना अधिसूचित करून, अपघातग्रस्तावर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचारांची तरतूदही केली आहे. मदत करा. उद्या त्या जागी आपला मुलगा असू शकतो.

मुलगा डिसेंबरमध्ये निघतो आहे. रजेचा अर्ज टाकला, असा त्याचा निरोप आला. प्रत्येक मुक्कामावर पोहोचल्यावर वडिलांना फोन करायचा आणि गाडी चालू असताना वडिलांनी फोन करायचा नाही, असे दोघांकडूनही मी कबूल करून घेतले. उठताना मास्तरांनी खिशात हात घालून विचारले, "डॉक्टर, फी?"

मी म्हटले, "मास्तर, फी राहू द्या. त्या पैशांत भर घाला आणि मागे बसणाऱ्या पोरासाठी हेल्मेट घ्या."